दुबळ्या हाताचं क्रियापद

१२ जानेवारी

नवी पुस्तिका अखेर माझ्याच गळ्यात पडली. पडणारच होती, कारण आमच्या कारखान्यात इंग्रजी लिहिणारा मी एकटा. कारखाना म्हणायचं आपलं. टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि एक जिना. पॅरालिसिसच्या झटक्यातून उठलेल्या माणसांसाठी आम्ही वस्तू बनवतो. जाड मुठीचे चमचे, एका हाताने शर्टाचं बटण लावायचा आकडा, बटाटा सरकू नये म्हणून खिळे ठोकलेली चिरायची पाटी, लिहिताना कागद ठेवायची खरखरीत पाटी, असलं बरंच काही. आता हे सगळं एका पेटीत घालून मोठ्या दवाखान्यांना विकायचं आहे आणि पेटीत पुस्तिका हवी आहे. पंपाच्या कंपनीत मी जन्मभर हेच केलं. पंप कसा जोडावा आणि कसा जोडू नये, ते सोप्या इंग्रजीत लिहिलं. पंपांनी कधी तक्रार केली नाही.

मालकीणबाईंनी पहिल्या पानांवर लाल पेन फिरवलं. प्रत्येक वाक्यात ‘यूज’ आहे, म्हणाल्या, बालवाडीचं पुस्तक वाटतं. दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत बघा, ‘युटिलाइज’ आहे, कसं भारदस्त वाटतं. बाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण मालकीण त्या आहेत. मी ‘बघतो’ म्हणालो. माझ्या ‘बघतो’चा अर्थ त्यांना अजून कळलेला नाही.

घरी आलो तर ही खिडकीशी बसलेली. नोव्हेंबरात हिला झटका आला. पाय सावरला, जीभ जराशी जड राहिली, उजवा हात मात्र अजून रुसलेला आहे. ही शाळेत भूगोल शिकवते. मुलांकडे तोंड करून बोलता बोलता फळ्यावर नकाशा काढायची, तोच हा हात. शाळेने हे सत्र संपेपर्यंत रजा दिली आहे. पुढचं पुढे. सध्या मी हिला तळहाताच्या फोडासारखं जपतो, एवढं निदान या वहीत लिहायला हरकत नाही.

१५ जानेवारी

‘यूज’ म्हणजे वापरणं. ज्याचं जे काम, ते त्याच्याकडून घ्यायचं. चमच्याने खाल्लं, झालं. ‘युटिलाइज’ची गोष्ट वेगळी. जे त्या कामासाठी नव्हतंच, किंवा नुसतं पडून होतं, ते कसंबसं कामी आणायचं. चमच्याने डब्याचं झाकण उचकटलं, की ते युटिलाइज. ‘एम्प्लॉय’ म्हणजे कामाला लावणं, पण त्याला नोकरीचा वास येतो, चमच्याला पगार द्यावा लागेल असं वाटतं. ‘अप्लाय’ म्हणजे लावणं. मलम लावतात, ब्रेक लावतात. ‘एक्स्प्लॉइट’ म्हणजे पिळून काढणं, त्याबद्दल मालकीणबाईंना विचारावं. हे वाक्य खोडायला हवं, बाई तशा चांगल्या आहेत.

संध्याकाळी हिचे केस विंचरताना हे सगळं हिला सविस्तर सांगितलं. पूर्वी निम्म्यातच ‘कळलं हो’ म्हणाली असती. आज मुकाट ऐकून घेतलं. आजारपणाने माणूस शांत होतो. शेजारच्या काकू सूप घेऊन आल्या होत्या, त्यांनी मला कंगवा हातात घेतलेलं पाहिलं आणि हिला म्हणाल्या, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच बरं वाटलं.

१९ जानेवारी

फिजिओबाई आल्या होत्या. मनगट फिरवून बघतात, बोटं एकेक करून उघडतात, चिमटीत रबराचा गोळा धरायला लावतात. आज त्यांनी हिला विचारलं, घरात हा हात किती वापरता. मी म्हणालो, वापरते की, अधूनमधून. हिने माझ्याकडे बघितलं. दमली असावी.

जाताना जिन्यात मला म्हणाल्या, जे परत यायचं ते बहुतेक येत्या काही महिन्यांतच येईल. नंतर हात आळसावतो आणि माणूसही. बटणं लावू द्या, कप धरू द्या, सांडलं तर सांडू द्या. मी मान डोलावली. आता त्यांना काय सांगायचं. हिला एक बटण लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी हिचं सगळं आवरून, ब्रेडला लोणी लावून, अंडं सोलून पुढ्यात ठेवतो. शिवाय बटण निसटलं की हिचा चेहरा उतरतो. तो माझ्याच्याने बघवत नाही.

२४ जानेवारी

आमच्याकडे एक नियम आहे, त्याला ‘हात मागे’ म्हणतात. पान लिहून झालं की ज्याने ती वस्तू कधी पाहिलेली नाही असा माणूस धरून आणायचा. त्याच्यापुढे वस्तू ठेवायची, कागद ठेवायचा आणि लिहिणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे धरून गप्प उभं राहायचं. खुणा करायच्या नाहीत, घसासुद्धा खाकरायचा नाही. माणूस अडला तर चूक कागदाची. उत्तम नियम आहे. पंपांच्या काळापासून मी त्याचा पुरस्कर्ता आहे.

आज खालच्या टायरवाल्याला वर आणलं. त्याचा उजवा हात फडक्याने बांधला आणि बटणाचा आकडा दिला. कागदावरच्या तिसऱ्या पायरीला गडी अडला. आकडा आधी काजातून घालायचा की बटणाला अडकवायचा, त्याला कळेना. कपाळावर घाम आला बिचाऱ्याच्या. माझ्या तोंडून ‘काजातून, काजातून’ निघून गेलं. मालकीणबाई भडकल्या. पेटी घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तुम्ही जाऊन उभे राहणार आहात का, म्हणाल्या. मी वरमलो. तिसरी पायरी पुन्हा लिहिली.

२८ जानेवारी

लेकीचा फोन. आईची चौकशी केली, मी सगळं नीट सांगितलं. भूक, झोप, औषधं. शेवटी म्हणाली, बाबा, आता आईला द्या ना फोन, मघापासून तुम्हीच बोलताय. मी म्हटलं, अगं तिला बोलायला त्रास होतो. तरी दिला. दोघी बराच वेळ काय बोलत होत्या कोण जाणे.

२ फेब्रुवारी

हिची तब्येत पुन्हा घसरते आहे की काय, अशी शंका येते आहे. संध्याकाळी आलो तर कचऱ्याच्या डब्यात कप फुटलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून खाली दडवलेला. हिच्या स्वेटरची बटणं एक घर चुकवून लागलेली. सकाळी मी स्वतः नीट लावून गेलो होतो. म्हणजे हिने ती मधेच उघडली. का उघडली असतील? उकडत होतं म्हणावं तर दिवस थंडीचे. विचारलं तर ‘सहज’ म्हणाली.

आणखी एक. वर्तमानपत्राच्या कडेला सगळीकडे वेड्यावाकड्या रेघोट्या. पेन चालतं का बघत असावी. घरातली सगळी पेनं चालतात, मी स्वतः बघून ठेवली आहेत.

उपाय केले. कप वरच्या फळीवर ठेवले, हात पोचणार नाही असे. दुपारी काकूंना येऊन बसायला सांगितलं, त्या आनंदाने तयार झाल्या. ही ‘नको’ म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे गं. ही भिंतीकडे तोंड करून पडली.

९ फेब्रुवारी

शाळेच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकेचा, फोन आला. ही आत पडली होती. विचारत होत्या, नव्या सत्रात येणं जमेल का, नाहीतर दुसरी व्यवस्था बघायला घ्यावी लागेल. मी आतल्या दाराकडे बघितलं. झोपमोड कशाला करायची. सांगून टाकलं की तिला आता विश्रांतीची गरज आहे, शाळेची दगदग झेपायची नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. बाई हळहळल्या. तुम्ही इतकं जपता म्हणून त्या सावरल्या, असंही म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर वाटलं, एकदा हिला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर ही ‘जाते’ म्हणाली असती. मग वर्गभर मुलांसमोर खडू हातातून पडला असता, कुणीतरी फिदीफिदी हसलं असतं, आणि ते सगळं उरात घेऊन ही घरी आली असती. त्यापेक्षा हे बरं. योग्य वेळ बघून सांगेन.

१० फेब्रुवारी

योग्य वेळ आज नव्हती.

१४ फेब्रुवारी

आज मी खूश आहे. मालकीणबाईंचा ‘युटिलाइज’चा हट्ट मी महिनाभर परतवून लावला, पण आज एक जागा अशी सापडली की तिथे तोच शब्द हवा, दुसरा चालणारच नाही. लिहायच्या पाटीचं पान, चौथी पायरी. माणूस आता चांगल्या हाताने लिहिणार. दुबळा हात रिकामाच असतो, मग तो कागदावर नुसता ठेवून द्यायचा, म्हणजे कागद हलत नाही. ज्याचं मूळ काम गेलं आहे, त्याला भलतंच काम देऊन कामी आणायचं. शुद्ध युटिलाइज! ‘युटिलाइज द वीक हँड टु होल्ड द पेपर.’ इतकं नेमकं वाक्य मी पंपांबद्दलही कधी लिहिलं नव्हतं.

बाईंना समजावून सांगितलं. हरखल्याच. अखेर तुम्हाला पटलं तर, म्हणाल्या. पटलं वगैरे काही नाही, जिथल्या तिथे शब्द बसला एवढंच. पण मी वाद घातला नाही.

१८ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायला हवं. कसं लिहू ते कळत नाही.

मालकीणबाई परवा म्हणाल्या होत्या, टायरवाले पुरे झाले, आता खऱ्या माणसाकडून तपासून घ्या, तुमच्या घरातच आहे की. म्हणून पेटी घरी आणली. आज सुट्टी. जेवणाच्या टेबलावर वस्तू मांडल्या, पानं ठेवली आणि हिला नियम सांगितला.

“म्हणजे तुम्ही बोलायचं नाही?” हिने विचारलं.

नाही, म्हटलं.

“आणि हात?”

“मागे.”

“किती वेळ?”

“तुझं होईपर्यंत.”

ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटलं, पेटी आवडली.

आधी जाड मुठीचा चमचा. मटारचे दाणे उजव्या हाताने उचलायचे. निम्मे टेबलावर, काही खाली. मी बोटं बोटांत घट्ट अडकवून उभा. मग बटणाचा आकडा. हिने तो उलटसुलट करून बघितला, बाजूला ठेवला आणि स्वेटरचं वरचं बटण सरळ बोटांनी धरलं. कागदात असं काही लिहिलेलं नाही! अंगठा बटणावरून घसरे, पुन्हा धरी, पुन्हा घसरे. मला राहवेना. इतके दिवस मी हे क्षणात उरकत होतो. शेवटी मी खिडकीबाहेर बघत राहिलो. परत वळून बघितलं तर वरची तिन्ही बटणं आपापल्या काजात होती.

मग लिहायची पाटी. हिने पान हातात घेतलं आणि सावकाश, एकेक शब्द चघळत चौथी पायरी वाचली. ‘युटिलाइज’पाशी थांबली.

“हाच ना तो शब्द? चमच्याने झाकण उचकटतात तो?”

मी मान डोलावली. केस विंचरताना सांगितलेलं हिच्या लक्षात राहिलं, याचा मला आनंदसुद्धा झाला. इतका मी शहाणा.

“म्हणजे माझा हात आता कागदावर ठेवायचं वजन,” ही म्हणाली.

नियमाप्रमाणे मला बोलता येत नव्हतं.

“हा लिहायचा हात आहे. हळू लिहील, घाण लिहील. पण लिहायचाच आहे.”

आणि हिने डावा हात कागदावर ठेवला, पेन उजव्या हातात रोवलं आणि लिहायला लागली. अक्षरं कशी, एक डोंगरावर, एक दरीत. ती बघताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्तमानपत्राच्या कडेला होत्या त्या रेघोट्या नव्हत्या. पेन चालतं का ते कुणी बघत नव्हतं. मी कामावर गेलो की ही दार लावून बटणं उघडत होती आणि लावत होती, कप उचलत होती, लिहीत होती. मी कप वर ठेवले. मग काकूंना आणून बसवलं.

हिने कागद माझ्याकडे सरकवला. ‘नव्या सत्रापासून येते.’ एवढंच होतं.

“हे शाळेत नेऊन द्या,” म्हणाली.

तेव्हा मी हात पुढे आणले आणि फोनचं सांगितलं. सगळं सांगितलं. झोपमोड, दगदग, दुसरं कुणी बघा, सगळं. हिने मधे एकदाही अडवलं नाही.

“मी जागी होते,” म्हणाली. “फोन शाळेचा आहे हे कळलं होतं. मला वाटलं, द्याल.”

मी वस्तू पेटीत भरायला लागलो.

“तुम्ही चांगले आहात हो. सगळेच म्हणतात. म्हणून मला धड रागावताही येत नाही.”

मटारचे दाणे हिनेच वेचले, उजव्या हाताने. मी उभा होतो.

२० फेब्रुवारी

ही बोलत नाही, आणि ते जिभेमुळे नव्हे.

काकूंना सांगितलं, दुपारी यायला नको. त्यांना वाईट वाटलं, मलाही. कप खाली आणून ठेवले. सकाळी बटणं लावायला पुढे झालो आणि तसाच मागे फिरलो. कामावर उशिरा पोचलो. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मी पायांकडे.

आज दिवसभर एकच विचार. शब्द बरोबर होता. अगदी बरोबर होता. हाताचं मूळ काम गेलं, असं मी धरून चाललो होतो, म्हणून तो बरोबर होता. लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की हे मी कुणाच्या हाताबद्दल ठरवतो आहे.

२२ फेब्रुवारी

पानं छापखान्यात निघाली होती. थांबवा म्हटलं. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. महिनाभर भांडून एकदाचा शब्द आला आणि आता तुम्हीच तो काढताय, म्हणाल्या. तुम्हीच तर समजावलंत की इथे हाच हवा. मी म्हणालो, शब्दात खोट नाही, माझ्या समजुतीत खोट होती. त्यांना काही उमगेना. मग घरचं सांगावं लागलं. असल्या गोष्टी कामाच्या ठिकाणी सांगायच्या नसतात, पण सांगितल्या. स्वेटर, कप, फोन.

बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत होत्या. मग म्हणाल्या, काय लिहायचं मग? मी म्हटलं, ‘यूज’. दुबळ्या हाताने लिहा, चांगल्याने कागद धरा. वेळ लागेल, हेही लिहा. जिथे जिथे दुबळा हात येतो तिथे तिथे ‘यूज’. बालवाडीतला वाटला तर वाटू दे.

त्या म्हणाल्या, ठीक. पण मग शेवटी एक पान घरातल्या माणसासाठी घाला, शेजारी उभं राहणाऱ्यासाठी. ते तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार? टोमणा होता की नव्हता, कळलं नाही. लिहिलं. पहिलंच वाक्य, हात मागे ठेवा. बाईंनी त्याखाली लाल पेनाने एक वाक्य वाढवलं, मागितली तर मदत करा. मला ते सुचलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

फिजिओबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. दात आवळून बसलो.

“आधी वापरू देत नव्हते,” ही म्हणाली. “आता देतात.”

फिजिओबाई माझ्याकडे बघून हसल्या. कौतुकाने नव्हे. तरी घरात निदान माझ्याबद्दल का होईना, ही बोलली.

१ मार्च

हिने शाळेत फोन लावला. नंबर स्वतः दाबले, दोनदा चुकले. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो, पण दार उघडं होतं आणि मी काही संत नाही. ही म्हणाली, तेव्हा फोनवर सांगितलं गेलं ते माझं म्हणणं नव्हतं. मला विचारलंच नव्हतं. ‘यांनी’ असं म्हणाली नाही, नावानिशी मला उघडं पाडलं नाही. त्यानेच जास्त लागलं.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या एका शिक्षिकेला जवळजवळ होकार दिला आहे म्हणे. तरी म्हणाल्या, या एकदा, एक तास घेऊन दाखवा, बघू. म्हणजे हिची आता परीक्षा. इतकी वर्षं शिकवून परीक्षा, आणि तीही माझ्यामुळे. माझा जीव टांगणीला लागला आहे. ही मात्र जेवली नीट.

४ मार्च

ही एकटी गेली. मी बरोबर येऊ का, विचारलं. ‘नको’ म्हणाली. हे ‘नको’ मी या वेळी ऐकलं.

ही गेल्यावर घर खायला उठलं. काय करू सुचेना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. खिडकीशी, हिच्याच खुर्चीत बसून राहिलो. तिथून रस्त्याचं वळण दिसतं, आणि समोरच्या इमारतीची भिंत, बाकी काही नाही. नोव्हेंबरापासून ही तेवढंच बघत होती.

दुपारी आली. स्वेटरच्या बाहीवर खडूची पांढरी पूड, केसांतसुद्धा. मी दार उघडलं आणि तोंड मिटून घेतलं. पाणी प्याली. मग आपण होऊन सांगायला लागली. खडू पडला, दोनदा. एकदा स्वतः उचलला, एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने दिला. कुणी हसलं का, हे माझ्या तोंडावर आलं होतं. हिनेच सांगितलं, मागे कुणीतरी हसलं. मग हिने फळ्यावर समुद्राचा किनारा काढला. हात थरथरला, रेघ वेडीवाकडी गेली. ती पुसायला वळली तर एक मुलगी म्हणाली, बाई, राहू द्या, किनारा असाच असतो ना.

हे सांगताना ही रडायला लागली. मीही रडलो. दोघं दोन बाजूंना बसून रडलो, आणि मग हिने मला डोळे पुसायला पदर पुढे केला. उजव्या हाताने दिला पदर. मोठ्या बाई मागच्या बाकावर होत्या, कळवते म्हणाल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, असं ही म्हणते.

७ मार्च

फोन नाही. पुस्तिका छापून आली. चौथी पायरी वाचली. साधी आहे. बालवाडीतली.

९ मार्च

संध्याकाळी फोन वाजला. मी जवळ होतो, उचलला. मोठ्या बाई. ही आत होती. मी म्हणालो, थांबा, बोलावतो. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, अहो तुम्हीच सांगा ना, रोज दोन तास आणि तेही वरच्या मजल्यावर, झेपेल का त्यांना? तुम्हाला माहीतच असेल.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “ती सांगेल.”

जन्मात हे वाक्य मी फारसं उच्चारलेलं नाही. हिला हाक मारली. ही उठली, सावकाश आली. तोवर मोठ्या बाईंना थांबावं लागलं, मलाही. फोन हिच्या हातात दिला आणि मी बाल्कनीत गेलो. या वेळी दार ओढून घेतलं. आतलं काही ऐकू आलं नाही. एकदा हसण्याचा आवाज आला, पण तो कुणाचा ते कळलं नाही.

बऱ्याच वेळाने ही बाहेर आली. कठड्याला टेकून उभी राहिली.

“सोमवारपासून, नवं सत्र लागतंय,” म्हणाली. “दोन तास. हो म्हटलं.”

मग हीच पुढे म्हणाली, मोठ्या बाई विचारत होत्या, नकाशांच्या गुंडाळ्या वर न्यायला सुरुवातीला काही दिवस तुमचे मिस्टर येतील का.

“काय सांगितलंस मग?”

“त्यांचं मी कसं सांगणार, म्हटलं. विचारून कळवते.” हिने माझ्याकडे बघितलं. “याल का?”

‘हो’ म्हणायला मला बराच वेळ लागला. ही थांबली.